आधी टेप, मग पाना: गॅरेजवाल्या काकांना आभारपत्र

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

फिनिक्सच्या आसपास वाळवंटात साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी सीट असलेल्या ऑफ-रोड गाड्या) चालवणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी बहुतेकांच्या गाड्या आजवर तुमच्या जॅकवर चढून उतरल्या आहेत. मजुरी तुम्ही घेत नाही आणि मिठाई आणली तर ‘साखर आहे’ म्हणून परत पाठवता. मग राहिलं हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण दर नव्या माणसाला तुम्ही तेच पहिल्यापासून सांगता. ते एकदा कागदावर यावं, आणि आमचं काही चुकलं असेल तर तुम्हाला लाल पेनाने खोडता यावं.

येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन येतो: शॉक कुठले टाकू? तुम्ही उत्तर देत नाही, हातात मोजायची टेप देता. त्या टेपेबद्दल आधी आभार.

टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी भरलेली, मागे स्टेपनी, आइसबॉक्स, हत्यारांची पेटी आणि सीटवर खरोखरची माणसं. मग गाडी वीसएक फूट पुढे न्यायची, तेवढीच मागे आणायची, हळूच थांबू द्यायची आणि सपाट काँक्रीटवर चेसिसच्या तळापासून जमिनीपर्यंतचं अंतर पुढे-मागे, डावं-उजवं मोजायचं. गाडी अशी फिरवून का आणायची, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्यातल्या जुन्याजाणत्यांनाही माहीत नव्हतं. जॅकवर लोंबकळताना चाकं आत ओढली जातात. गाडी खाली सोडली तरी टायर काँक्रीटला धरून राहतो, चाकं बाहेर सरकत नाहीत आणि गाडी खऱ्यापेक्षा उंच दिसते. तो खोटा आकडा धरून कॉलर (शॉकवरची, स्प्रिंगला दाबणारी फिरती रिंग) सैल केली, की पहिल्याच फेरीत गाडी पोटावर बसते.

चाकं पूर्ण लोंबकळत असतानाची उंची आणि भार घेऊन उभ्या गाडीची उंची, यांतल्या फरकाला बाकीचे सॅग म्हणतात, तुम्ही ‘बैठक’ म्हणता. चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या (वर-खाली हालचालीच्या) २५ ते ३० टक्के बैठक हवी. पोलारिस आरझेडआर एक्सपी १००० ला पुढे १६ आणि मागे १८ इंच ट्रॅव्हल आहे. म्हणजे ३० टक्क्यांनी पुढे ४.८ आणि मागे ५.४ इंच. ही बैठक म्हणजे चाकाला खड्ड्यात उतरण्यासाठी राखून ठेवलेली जागा. क्लिअरन्स वाढावा म्हणून कॉलर घट्ट करत जाणारा माणूस हीच जागा खातो. गाडी उंच दिसते, फोटो छान येतो, पण प्रत्येक उंचवट्यावरून उतरताना शॉक पूर्ण उघडून ‘ठक्क’ वाजतो, आणि एक्सलचा कोन वाढल्यामुळे त्याच्या सांध्याचं, म्हणजे सीव्ही जॉइंटचं, रबरी बूट लवकर फाटतं. कॉलर फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच होते. हे वाक्य तुमच्या गॅरेजच्या दारावर रंगवायला हवं.

स्प्रिंगांचं गणित तुम्ही पुठ्ठ्यावर करून दाखवलंत, तो पुठ्ठा आम्ही जपून ठेवलाय. शॉकवर दोन स्प्रिंगा एकावर एक: वर छोटी टेंडर, खाली मोठी मेन, मध्ये प्लास्टिकचा स्लाइडर. दोन्ही एकदम दाबल्या जातात तेव्हा जोडी दोघींहूनही मऊ असते. समजा टेंडर १५० पौंड प्रति इंच आणि मेन ३००. गुणाकार भागिले बेरीज, उत्तर १००. शॉक दाबला जाताना स्लाइडर वर सरकतो आणि शॉकच्या अंगावरच्या क्रॉसओव्हर रिंगला टेकला की टेंडर बाद. तिथून पुढे एकदम ३००, म्हणजे तिप्पट. ही तिप्पट कुठे सुरू व्हायची, ते रिंग ठरवते. रिंग स्लाइडरच्या फार जवळ असेल तर दगडगोट्यांच्या रस्त्यावरही पाठ शेकते. फार वर असेल तर मोठ्या खड्ड्यात गाडी आपटेपर्यंत मेन स्प्रिंग एकटीने भार घेतच नाही. पूर्ण भाराने उभ्या गाडीत रिंग आणि स्लाइडरमध्ये दोन इंच ठेवून सुरुवात करायची, मग अर्ध्या अर्ध्या इंचाने सरकवायचं, हा तुमचा नियम आम्ही पाळतो. आणि दुसरी (लॉकची) रिंग पहिलीवर घट्ट आवळायची, नाहीतर वॉशबोर्डवर (आडव्या लाटांच्या कच्च्या रस्त्यावर) ती आपोआप फिरते आणि दोन्ही बाजूंच्या शॉकचा स्वभाव वेगळा होतो.

पण सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते तुमच्या एका सवयीने. उभ्या गाडीत टेंडरच्या वेढ्यांमध्ये कागद घालून बघायचा. कागद जात नसेल, तर वेढे एकमेकांना टेकलेले आहेत आणि टेंडर उभ्या जागीच मेलेली आहे. अशी गाडी पहिल्या इंचापासून मेन स्प्रिंगवर चालते. माणूस म्हणतो, शॉक खराब झाले. खरं म्हणजे छप्पर, विंडशील्ड, विंच, स्टेपनी असं वजन हळूहळू चढलेलं असतं आणि टेंडर जुन्याच वजनाची. तिथे जास्त कडक टेंडर लागते, नवा शॉक नाही. किती कडक, हे विचारलं की तुम्ही चाकाचा हिशोब करायला लावता. चाक एक इंच हललं आणि शॉक ०.६ इंच, तर चाकाशी जाणवणारी कडकी ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ पट. ३०० ची स्प्रिंग चाकाशी १०८ होते. म्हणून स्प्रिंग ५० पौंडांनी वाढवली तरी चाकाला ती १८ पौंडच कळते. ‘एक नंबर कडक टाकली, काही फरकच नाही’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

खडखडीबद्दल लिहायचं तर वेगळी वही लागेल. तरी क्रम लिहून ठेवतो, कारण क्रम चुकला की माणूस चांगला बॉल जॉइंट बदलून बसतो. जॅक चेसिसखाली, चाकं हवेत, गाडी स्टँडवर. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घातला तर तुम्ही ओरडता, आणि ते योग्यच आहे. चाक घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवायचं: प्ले (सैलपणा) असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. तीन आणि नऊवर धरून हलवायचं: टाय रॉडचं टोक किंवा स्टिअरिंग रॅक. एकाने हलवायचं, दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्यांपेक्षा बोट आधी सांगतं. मग ए-आर्मच्या (चाक चेसिसला जोडणाऱ्या आर्मच्या) मुळाशी टॉमी (पहार) लावून बुश (सांध्यातलं नळीसारखं अस्तर) तपासायचे, मागे ट्रेलिंग आर्म आणि रेडियस रॉडची टोकं. रेडियस रॉडला सरळ पट्टी लावली की वाक लगेच दिसतो. शेवटी शॉकच्या दोन्ही टोकांच्या भोकांतले, म्हणजे डोळ्यांतले, बुश. एवढं करूनही आवाज सापडला नाही, तर स्वे बारची लिंक सोडायची, बार बांधून ठेवायचा आणि हळू एक फेरी मारायची. आवाज गेला तर चोर सापडला. गाडी वळणात जास्त झुकेल, म्हणून ती फेरी दहा-पंधरा मैलांच्या वेगापलीकडे न्यायची नाही.

बुश झिजणार, गाडी कुठल्याही कंपनीची असो. वाळू हेच त्यांचं खाणं आहे. बदलताना तुम्ही नवा बुश हातात देण्याआधी जुन्या स्लीव्हवर (बुशच्या आतल्या धातूच्या नळीवर) नख फिरवायला लावता. खाच लागली तर स्लीव्हही बदलायची. बोल्टने स्लीव्ह चेसिसच्या दोन्ही कानांच्या (ब्रॅकेटच्या पट्ट्यांच्या) मध्ये गच्च दाबून धरायला हवी आणि बुशने तिच्याभोवती फिरायला हवं. बोल्ट ढिला राहिला तर स्लीव्हच बोल्टवर फिरते आणि चेसिसच्या कानांतली भोकं लंबगोल होतात. मग पाच रुपयांच्या कामाचं वेल्डिंगचं काम होतं. (काका, इथे डॉलर लिहायला हवं होतं, पण तुम्हीही रुपयेच म्हणता.) बसवून झाल्यावर शॉकचा खालचा बोल्ट काढून आर्म हाताने उचलून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. अधांतरी अडकला तर बुश घट्ट आहे, आणि त्या घट्टपणालाच लोक पुढे ‘शॉक कडक झाले’ म्हणतात. ग्रीस निपल असतील तर काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत पंप मारायचा. टॉर्क मॅन्युअलमधला, टॉर्क रेंचने, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासायचा.

हे सगळं झाल्याशिवाय तुम्ही क्लिकर्सना (शॉक कडक-मऊ करणाऱ्या नॉबना) हात लावू देत नाही. सुरुवातीला तो हट्ट वाटायचा. आता उलट होतं: कुणी थेट नॉब फिरवायला लागला की आम्हीच त्याचा हात धरतो. त्याआधीही टायरची हवा बघायची. १५ पीएसआयवर उडणारी गाडी ११ वर शहाणी होते आणि त्याला एक पैसा लागत नाही.

नॉब आधी पूर्ण बंद करायचा, हलक्या हाताने, मग उघडताना क्लिक मोजायचे. एका वेळी एकच नॉब, दोनच क्लिक, त्याच वाटेच्या त्याच तुकड्यावर, त्याच वेगाने. वहीत तारीख, तापमान, आकडा. ओळीने येणाऱ्या लाटांवर मागची बाजू प्रत्येक लाटेगणिक खाली खाली जात असेल, तर रिबाउंड (दाबलेल्या शॉकचं पुन्हा उघडणं) जास्त संथ आहे. पुढची लाट येईपर्यंत शॉक उघडतच नाही आणि पाचव्या-सहाव्या लाटेला ट्रॅव्हल संपलेलं असतं. लोक याला मऊपणा समजून कंप्रेशन (दाबलं जाताना शॉक करतो तो विरोध) वाढवतात आणि दुखणं बळावतं. याच्या उलट, एकाच उंचवट्यावर मागचा भाग वर फेकला जात असेल, तर रिबाउंड जास्त मोकळा आहे किंवा प्रीलोड (कॉलरने स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) जास्त. लो-स्पीड आणि हाय-स्पीड या नावांनी आम्हा सगळ्यांना फसवलं होतं. तो वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांड्याचा. वळणात झुकणं, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं हे लो-स्पीडकडे. दगड, खड्डा, उडीनंतरची आपट हाय-स्पीडकडे. ताशी दहा मैलांनी दगडावर चढणारी गाडीही हाय-स्पीडच वापरते.

शॉकमधल्या नायट्रोजनचं तर तुमच्याइतकं कुणी समजावलं नाही. रिझर्व्हॉयरमध्ये (शॉकच्या छोट्या टाकीत) तो साधारण २०० पीएसआय भरतात, नेमका आकडा त्या शॉकच्या पुस्तकातला. दाब कमी झाला की पिस्टनमागे तेलाला फेस येतो आणि अर्ध्या तासात शॉक सायकलच्या पंपासारखा होतो. थंड झाला की पुन्हा ठीक. म्हणून ‘सकाळी चांगली, दुपारी वाईट’ अशी तक्रार आली की तुम्ही आधी गॅस तपासता, मग तेलाचं वय विचारता. साधं गेज लावलं की थोडा गॅस नळीतच जातो. नळीची जागा गॅसच्या जागेच्या २० वा भाग असली, तरी २०० चे १९० दिसतात, आणि काढताना तेवढाही राहत नाही. म्हणून गॅस न गमावता दाब दाखवणारं नो-लॉस गेज. आणि दाब थंड शॉकवरच बघायचा: २५ अंश सेल्सिअसला २०० असलेला गॅस ९० अंशांना २४७ च्या आसपास जातो. ऑगस्टमध्ये ॲरिझोनाच्या उन्हात उभ्या गाडीवर मोजून ‘भरपूर आहे’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. कंप्रेसरची हवा का नको? तिच्यात बाष्प असतं, आणि तापल्यावर त्याचा दाब किती वाढेल याचा भरवसा नसतो.

मोठ्या टायरांबद्दल थोडक्यात. २९ इंचांचे ३२ केले की गाडी दीड इंचच उंच होते, तीन नाही. बदल्यात प्रत्येक चाकाचं वजन वाढतं, ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं आणि त्याला आवरायला डॅम्पिंग (शॉकमधल्या तेलाचा विरोध) जास्त लागतं. इम्पीरियल सँड ड्यून्ससारख्या नुसत्या वाळूत जाणाऱ्याला ते ओझं कशाला, हा तुमचा प्रश्न आम्हाला पटला आहे. युटामधल्या मोॲबच्या खडकावर जाणाऱ्याला टायर घेऊ द्या.

शॉक उघडून सील आणि तेल बदलण्याचं काम आता आमच्यापैकी काही जण स्वतः करतात, तेही तुमच्यामुळे. दांड्यावर तेलाचा पुसट थर चालतो. धूळ चिकटून चिखल झाला की सील गेलं. गॅस पूर्ण सोडल्याशिवाय एकही पेच ढिला करायचा नाही, आणि व्हॉल्व्हच्या समोर तोंड आणायचं नाही. शिम (पिस्टनवरच्या पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवायच्या. फ्लोटिंग पिस्टनची (तेल आणि गॅस वेगळे ठेवणाऱ्या पिस्टनची) खोली कॅलिपरने, पुस्तकातल्या आकड्यावर. तेलातला शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत दांडा सावकाश वर-खाली करत बसायचं, या एका कामात घाई केली की बाकी सगळं फुकट.

तुमच्या टेपने कित्येकांना नव्या शॉकच्या दुकानाच्या दारातून परत फिरवलं. ज्यांना खरंच नवे लागत होते, त्यांना कुठली स्प्रिंग हवी हे माहीत असताना ते घेता आले. दोन्हींबद्दल मनापासून आभार.

तुमचेच,
शनिवारची गॅरेज मंडळी

ता. क. तुमचं नो-लॉस गेज आमच्याकडेच राहिलं आहे. टोकाची ओ-रिंग नवी घातली आहे, येत्या शनिवारी आणतो. मिठाई नाही, भडंग आणतोय.