सूचना प्रश्नाच्या शेजारीच छापा

महोदय,
मी दहावीला गणित शिकवते. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत सुरुवातीला छापतात, सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. आत मात्र 'कोणतेही दोन सोडवा'. मग हुशार मुलंही विचारतात, "बाई, नक्की किती सोडवायचे?" बहुपर्यायी प्रश्नात पहिल्याच प्रयत्नाचे गुण मिळतात, ही अट तर सूचनांच्या गर्दीत दडूनच जाते. घाबरलेलं पोर ती वाचतं कुठे? लिहिलेलं खोडून दुसरा पर्याय लिहितं आणि गुण घालवतं. ती अट प्रश्न १ (अ)च्या डोक्यावरच ठळक अक्षरांत हवी. पर्यायी उपप्रश्न दोन पानांत विभागले जाता कामा नयेत. पान न उलटताच मुलं पहिले दोन सोडवून मोकळी होतात. मंडळाने नमुना प्रश्नपत्रिकेची मांडणी आधी दहावीच्या मुलांकडूनच वाचून घ्यावी.

– एक गणित शिक्षिका, जि. सातारा