क्लच प्लेट बदलायच्या आधी पेडलचा प्ले बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

मी निफाड तालुक्यातला शेतकरी, द्राक्ष आणि कांदा करतो. आता ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली, म्हणजे औषध फवारायचा ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर रोज बागेत, आणि याच दिवसांत आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरचे क्लच जायला लागतात. माझा गेल्या वर्षात दोनदा गेला म्हणून हे पत्र लिहितोय.

ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा, 35 एचपीचा, इंजिन अजून ठणठणीत आहे. मार्चमध्ये कांद्याची ट्रॉली भरून वस्तीवरून डांबरीला चढवताना इंजिनचा आवाज वाढायचा पण गाडी पुढं सरकायची नाही, आणि जळका वास यायचा. एका वर्कशॉपला नेला, त्यांनी ट्रॅक्टर मधोमध खोलला, क्लचची नवीन प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती) टाकली आणि दोन दिवसांत परत दिला. बिल 14 हजार. चार महिन्यांत परत तोच वास.

दुसऱ्या वेळेस गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीनी माझ्यासमोर काम केलं. इंजिन वेगळं करायच्या आधी पुढच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकल्या, का तर गिअरबॉक्सपासून सुटल्यावर इंजिन एका बाजूला कलतं, आणि तिथं माणसाचा पाय किंवा हात सापडला तर संपलंच. मग आतलं दाखवलं. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या जड चाकावर, तापून निळे डाग पडलेले, क्लच प्लेटला त्या चाकावर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या फिंगरची (दांड्यांची) टोकं घासून चकचकीत झालेली, पेडल दाबल्यावर त्या फिंगरना ढकलणारं रिलीज बेअरिंग हातानं फिरवलं तर खरखर करत होतं. पहिल्या वर्कशॉपनी बेअरिंग आणि प्रेशर प्लेट जुनीच ठेवली होती आणि पेडल सेटच केलं नव्हतं.

ते मला म्हणाले, भाऊ, प्लेट झिजते तसा पेडलचा प्ले, म्हणजे पेडल जड लागायच्या आधी जेवढं मोकळं जातं ते अंतर, वाढत नाही, कमी होतो. हे मला इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवून माहीत नव्हतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं सरकते आणि तिची फिंगरं मागं बेअरिंगकडं येतात, मग पाय न ठेवताही बेअरिंग कायम फिंगरवर टेकलेलं राहतं, प्लेट पूर्ण दाबली जात नाही, घसरते, तापते आणि जळते. म्हणजे नवीन प्लेटसुद्धा प्ले नसेल तर जाणारच.

प्ले बघायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद ठेवून पेडल हातानं दाबायचं, जड लागेपर्यंत ते किती मोकळं जातं ते पट्टीनं मोजायचं. बहुतेक ट्रॅक्टरला साधारण 20 ते 25 मिमी लागतो, म्हणजे इंचाला थोडा कमी, तरी आपल्या मॉडेलच्या पुस्तकात बघून घ्या. कमीजास्त असेल तर पेडलला जोडलेल्या लिंक रॉडचा लॉक नट ढिला करून रॉडची लांबी बदलायची आणि नट परत घट्ट करायचा. प्ले फार जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते. डबल क्लच असेल तर पीटीओच्या (ब्लोअरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) क्लचचं सेटिंग वेगळं असतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि खोलायची वेळ आलीच तर समोर उभं राहा. फ्लायव्हीलचं तोंड लेथवर साफ करायला लागतं का ते विचारा, ऑइल सील गळत असेल तर आधी ते बदला, नाहीतर तेल लागून नवी प्लेटही घसरणार. आतली धूळ हवा मारून उडवू देऊ नका, प्लेटवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाते.

दुसरं म्हणजे आपली सवय. बाजार समितीच्या गेटबाहेर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग असते तिथं आम्ही तासन् तास अर्ध्या क्लचवर फूट फूट सरकतो, भरलेल्या ट्रॉलीला तेवढ्यातच प्लेट तापते. पुढची गाडी दहा-पंधरा फूट सरकू द्या, मगच गिअर टाका. बागेतही ओळ संपेपर्यंत पाय पेडलवर ठेवून चालवू नका.

माझी विनंती एवढीच, की मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रानं किंवा आयटीआयनं छाटणीच्या आधी गावोगाव अर्धा दिवस हे शिकवावं. औषधांचे, खतांचे मेळावे होतात, तसा एक मशिनरीचा व्हावा. आमच्या गावात शेड आणि चहापाण्याची सोय मी करतो. जळालेली प्लेट आणि ते खरखर करणारं बेअरिंग मी टाकून दिलेलं नाही, पोरांच्या हातात द्यायला घेऊन येईन.

आपला,
एक शेतकरी, निफाड तालुका, जि. नाशिक