आयुक्त साहेब, तलाव बांधलात, आता चालवा की!

सोलापूर, एप्रिल

मा. महापालिका आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आवक-जावकच्या टेबलावर देऊन पोच घेता आली असती. पण मागच्या पत्राची पोच अजून माझ्या पर्समध्ये आहे आणि उत्तर आलेलं नाही. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आमच्या भागातला जलतरण तलाव दुरुस्त होऊन उन्हाळ्याआधी सुरू होईल, आणि यंदा मध्येच बंद पडणार नाही, असं आपण पत्रकारांपुढे सांगितलं होतं. पाडव्याला तो सुरू झालाही. मांडव पडला, नारळ फुटला, फीत कापली, निळंशार पाणी मागे घेऊन फोटो निघाले. त्याच दिवशी खिडकीवर तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मोजून मी दोन पास काढले, एक माझा आणि एक नातीचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तर गेटला कुलूप, आणि त्यावर कागद चिकटवलेला: ‘तांत्रिक कारणास्तव तलाव पुढील आदेशापर्यंत बंद राहील.’ खाली सही नाही, तारीख नाही. शिक्का तेवढा ठसठशीत.

वॉचमन म्हणाला, “मावशी, मक्तेदाराला विचारा.” मक्तेदार म्हणाला, आमचं बिल निघालं नाही, ऑफिसला विचारा. ऑफिसात कळलं की फाईल क्रीडा विभागाकडे नाही, मालमत्ता विभागाकडे आहे. मालमत्ता विभागातले साहेब साइटवर गेले होते. कुठल्या साइटवर देव जाणे, तलावावर तर कुणी नव्हतं.

थोडं माझं सांगते. मी निवृत्त शिक्षिका आहे. तीसेक वर्षं खडू हातात घेऊन उभी राहिले, आणि आता दोन्ही गुडघे जिना बघितला की रडतात. डॉक्टरांनी सांगितलं, चालू नका, पोहा. पाण्यात शरीराचं वजन गुडघ्यांवर येत नाही आणि स्नायूंना व्यायाम होतो. पोहायला मला येतं. गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून काकांनी ढकललं होतं, तेव्हापासून येतं. म्हणून वयाच्या साठीत, शेजारणींच्या कुजबुजीकडे कानाडोळा करून, मी पोहण्याचा पोशाख विकत घेतला. तो आता कपाटात घडी घालून ठेवलाय. ‘पुढील आदेशापर्यंत’ म्हणजे माझे गुडघे किती दिवस थांबतील, हे त्या शिक्क्यावाल्याने एकदा सांगावं.

पण तलाव चालू होता तेव्हा तरी काय सुख होतं? महिलांची बॅच दुपारी बारा ते एक. सोलापुरात, एप्रिलमध्ये, पारा बेचाळिशी गाठत असताना. पहाटेची बॅच पुरुषांची, संध्याकाळची पुरुषांची, रात्रीची दिव्यांखालची तीही पुरुषांचीच. उरली ती भर दुपार, जेव्हा शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी भोक होतं, त्यातून कुणीतरी परकराची जुनी नाडी ओवून आतल्या खिळ्याला गुंडाळली होती. एकीने कपडे बदलायचे आणि दुसरीने नाडी ओढून धरायची. नूतनीकरणावर किती लाख खर्च झाले त्याचा फलक दर्शनी भागात लावलाय, मुद्दाम वाचला मी. त्यात एक कडी बसली नसती का हो?

आणि पाणी! सकाळी सातच्या सुमारास कर्मचारी बादलीतून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणतो आणि थेट तलावात ओततो. मुलं पोहत असली तरी ओततो. ही पावडर आधी वेगळ्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ तेवढं घालायचं असतं, तेही तलावात कुणी नसताना. उघड्या तलावातला क्लोरीन सोलापूरच्या उन्हात तासाभरात निम्म्यावर येतो. तो टिकवायला वेगळं रसायन लागतं, त्याचं नावही तिथे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे सकाळी सातला टाकलेल्या पावडरीतलं बारा वाजता बायकांच्या वाट्याला किती आलं, याचं गणित सातवीतलं पोर करेल. पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ असावा लागतो. क्लोरीन मोजायचा ओटी टेस्टचा साधा संच खेड्यातल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाकडेही असतो, पाण्यात औषधाचे चार थेंब आणि पिवळा रंग. आपल्या तलावावर तो मागितला तर मला विचारण्यात आलं, “तुम्ही पेपरवाल्या का?” नातीचा कान त्याच आठवड्यात वाहायला लागला. कानाच्या डॉक्टरांची फी आणि थेंबांचं बिल जोडू का अर्जाला?

नाकाला झोंबणारा वास म्हणजे औषध भरपूर, अशी एक समजूत आहे, अगदी सुपरवायझरचीसुद्धा. ती उलटी आहे. तो वास क्लोरीन घाम आणि लघवीशी लढून थकल्याचा असतो. आधी अंघोळ केल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडायचं नाही, हा नियम एवढ्यासाठीच. तुमच्याकडे शॉवर चार आहेत, पाणी एकाला येतं, आणि पाय धुवायच्या कुंडीत माव्याच्या पुड्या. गुटखाबंदी राज्यात २०१२ पासून आहे म्हणे.

आता पाणीटंचाईचं बघू. गेटवर कारण तांत्रिक होतं, पेपरात आलं तेव्हा ते पाणीटंचाई झालं. ‘शहराला चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना तलाव भरणे उचित नाही.’ वाक्य ऐकायला फार जबाबदार वाटतं. मी गणित शिकवलंय साहेब, म्हणून हिशेब मांडते. तलाव २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. झाले साडेचार लाख लिटर. माणशी १३५ लिटरच्या मापाने तेहतीसशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. मान्य, थोडं नाही. पण तलाव एकदाच भरायचा असतो. फिल्टर चालू असेल तर तेच पाणी गाळून फिरत राहतं. उन्हाने रोज सेंटिमीटरभर पातळी उतरते, म्हणजे तीन हजार लिटर. महिन्याचे नव्वद हजार, त्यात वाळूचा फिल्टर उलटा धुवायचं पाणी मिळवा, दीड लाख धरा. फिल्टर बंद ठेवून, पाणी हिरवं झालं की गटारात सोडायचं आणि आठवड्याला नवं भरायचं, तर महिन्याला अठरा लाख. बारापट! टंचाई तलावामुळे नाही झाली, फिल्टरच्या बंद पडलेल्या पंपामुळे झाली. तलाव बोअरच्या तपासलेल्या पाण्यावर भरा, रात्री ताडपत्री घाला, रिकामा करायची वेळ आलीच तर पाणी दोन दिवस उघडं ठेवून बागांना द्या. यासाठी कुठला सल्लागार नेमायला नको.

आणि टंचाईचं आम्हाला कोण सांगतंय? आमच्या चौकातला व्हॉल्व्ह संक्रांतीपासून गळतो आहे, त्याखाली म्हशी धुतल्या जातात. उजनी धरण ११७ टीएमसीचं, तिथून इथवर ११० किलोमीटरची जलवाहिनी, मग समांतर जलवाहिनी, तिच्या चाचण्या, चाचण्यांचे फोटो. आमच्याकडे बादल्या आहेत त्या आहेतच. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण सोलापूरकराला कुणी समजावून द्यावी लागत नाही.

मी हे सगळं एका निवृत्त कारकुनाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “बाई, कायदा वाचा.” वाचला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कलम ६३ मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं आहेत. कलम ६६ मध्ये करावीशी वाटली तर करायची कामं, आणि पोहण्याचे तलाव तिथे बसवलेत. वाचलं आणि सगळा उलगडा झाला. शाळेत ऐच्छिक विषयाचा तास कसा पहिला बुडतो ते मी आयुष्यभर बघत आले. पण एक सांगा, तलाव बांधायचा की नाही हे तुमच्या इच्छेवर, कबूल. तो आमच्या घरपट्टीतून बांधलात, खिडकी उघडून आगाऊ पैसे घेतलेत, त्यानंतर तो चालवणं ऐच्छिक कसं राहतं? दुकानदाराने असं केलं तर आम्ही ग्राहक आयोगात जातो.

बांधण्यात सगळ्यांना रस असतो, कारण बांधण्याचं टेंडर मोठं असतं आणि फीत असते. जीवरक्षकाच्या पगारात कुणाला फीत कापता येत नाही. पाडव्याला व्यासपीठावर निदान वीस खुर्च्या होत्या. तलावावर शिट्टी घेऊन बसणारा माणूस एक, आणि तोच पासही तपासायचा. चार पोरं एकदम पाण्यात उतरली आणि हा गेटवर सुट्टे पैसे मोजत असला तर? काठावर उभं राहून तळातली काळी रेघ स्वच्छ दिसली पाहिजे, दिसत नसेल तर त्या दिवशी कुणालाच उतरू द्यायचं नाही, ही जगभरची साधी रीत. आपल्याकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच रेघ दिसेनाशी झाली होती.

तलाव बंद झाला म्हणून पोरं पोहायची थांबतात, असं वरच्या मजल्यावर वाटत असेल. ती खाणीत जातात, विहिरीत जातात, कॅनॉलला जातात. दर मे महिन्यात पेपरच्या आतल्या पानावर दोन ओळी येतात. २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांवर माणसं बुडून मेली, हा सरकारचाच आकडा. शाळेच्या वयातल्या प्रत्येक मुलाला पोहायला शिकवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्याच पालिकेच्या शाळांतली पोरं तलावापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांना शनिवारी सकाळी फुकट बॅच ठेवली तर तिजोरीला असं काय भगदाड पडणार आहे? तलावाने नफा मिळवायचा असतो, हे डोक्यातून काढा. बागेकडून कुणी नफा मागत नाही.

पूर्व भागात घराघरांत मांडीवर सूप घेऊन बायका दिवसभर विड्या वळतात. मान खाली, पाठ वाकलेली. त्यांच्या पाठींना माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त गरज आहे पाण्याची. संध्याकाळी सहा ते आठ एक तलाव फक्त बायकांसाठी, बाई प्रशिक्षक, बाई जीवरक्षक, दाराला कडी, पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोशाख चालेल अशी स्पष्ट पाटी मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत. एवढं करा आणि मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणा. बारा वाजताच्या बॅचला प्रतिसाद नाही, असा शेरा फाईलवर मारला आहे, मला दाखवला एकाने. मारणाऱ्याने स्वतः एकदा बारा वाजता त्या फरशीवरून चालून दाखवावं. बुटाशिवाय.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपला नंबर लागला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. योजना आली, संपली, पाट्या राहिल्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, मग कित्येक वर्षं प्रशासक. तेव्हा सांगायचे, विचारायला नगरसेवक नाही. नगरसेवक असतात तेव्हा सांगतात, निधी नाही. निधी आला की आयुक्त बदलतात, आणि नवे साहेब ‘माहिती घेतो’ म्हणतात. महापालिका झाली १९६४ ला, म्हणजे साठी उलटली. पुढची म्हण मी लिहीत नाही, तुम्हाला येत असेल. ज्या गावचा टॉवेल देशभर लोकांची अंगं पुसतो, त्या गावात अंग भिजवायला धड जागा नाही. २०२५ च्या जूनपासून सोलापूरहून गोव्याला विमान आहे. पालिकेचा असा विचार आहे का, की पोहायचं असेल त्याने समुद्रावर जावं?

खासगी मक्त्यालाही माझा आंधळा विरोध नाही. पण मक्त्यात लिहा: फिल्टर इतके दिवस बंद राहिला तर इतका दंड, पाण्याची तपासणी सकाळ-दुपार-संध्याकाळ आणि आकडे गेटवरच्या फळ्यावर खडूने, दोन जीवरक्षकांशिवाय गेट उघडायचं नाही. बिल अडवायचं तर पालिकेने पगार थेट कर्मचाऱ्याला द्यावा, शिक्षा पोहणाऱ्याला नको. आणि तलावाचा एक मालक ठरवा. क्रीडा, मालमत्ता, पाणीपुरवठा, विद्युत, चारही विभागांचा तो थोडा थोडा आहे, म्हणून कुणाचाच नाही. एक अधिकारी, त्याचं नाव आणि नंबर गेटवर. बदली झाली की पाटी बदला.

तलाव मे महिन्याच्या आत चालू करा, नाहीतर आमचे पैसे परत करा. दोन्ही जमत नसेल तर त्या गेटवरच्या कागदावर निदान कुणीतरी सही करा, म्हणजे पुढचं पत्र कुणाच्या नावाने लिहायचं ते कळेल.

आपली,
बंद तलावाची एक पासधारक

ता. क. पैसे परतीच्या अर्जासोबत मूळ पावती, आधारची प्रत आणि रद्द केलेला चेक मागितला आहे. घेताना रोख घेतले होते, आणि पावती ‘उद्या या’ म्हणून दिलीच नव्हती.