पीएफचा सगळा पैसा एका फ्लॅटमध्ये घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मिरजेत खाजगी हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी करून रिटायर झालेय. आमच्यातल्या बऱ्याच जणी आता एकेक करून रिटायर होतायत आणि प्रत्येकीच्या घरी सध्या एकच चर्चा, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले की एक फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा, म्हणजे म्हातारपणी दर महिन्याला भाडं चालू. एजंट लोकांना तर कोण कधी रिटायर होणार हे घरच्यांच्या आधी कळतं असं वाटायला लागलंय.

मला फ्लॅट घेण्याला विरोध करायचा नाहीये. पण आमच्यासारख्यांची पेन्शन किती असते ते आधी बघा. खाजगी नोकरीवाल्याला पीएफ ऑफिसची ईपीएस 95 ची पेन्शन, तिचा हिशोब 15 हजार पगाराच्या मर्यादेवर होतो, म्हणजे तीस वर्षं ड्युटी करून सुद्धा महिन्याला सात हजाराच्या आतच, आणि 2014 पासून कमीत कमी पेन्शन 1000 रुपये आहे ती अजून तेवढीच. म्हणजे पीएफची रक्कम हाच खरा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा किराणा आणि औषधपाणी आहे. ती सगळी एका फ्लॅटमध्ये अडकवायची का, एवढंच माझं म्हणणं आहे.

हिशोब साधा आहे. समजा 30 लाखाचा फ्लॅट. सांगली-मिरजेत स्टॅम्प ड्युटी सहा टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार (बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत एक टक्का सूट मिळते, ती जरूर घ्या), बांधकाम चालू असलेला असेल तर जीएसटी वेगळा, मग पंखे, गीझर, किचनचं काम. भाडं समजा 9 हजार आलं. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी, भाडेकरू बदलताना एखादा महिना रिकामा आणि परत रंग. हातात सात-साडेसात हजार राहिले तरी नशीब. तेच 30 लाख पोस्टातल्या सीनियर सिटीझन स्कीममध्ये 8.2 टक्क्याने ठेवले तर दर तीन महिन्याला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार.

यावर एजंट म्हणतो, भाड्यावर टॅक्समध्ये 30 टक्के वजावट मिळते. मिळते, खरंय. पण जिची पेन्शन तीन-चार हजार आहे तिला टॅक्सच बसत नाही तर वजावट घेऊन काय करणार? दुसरं म्हणतात फ्लॅटची किंमत वाढते, भाडं पण वाढत जातं आणि पोस्टाचं व्याज तेवढंच राहतं. हे मला मान्य आहे, महागाईपुढे नुसतं व्याज पुरत नाही. पण वाढलेली किंमत फ्लॅट विकल्यावरच हातात येते ना. हॉस्पिटलात आयुष्य गेलंय माझं, रात्री दोन वाजता ॲडमिट केलेल्या पेशंटच्या घरच्यांची डिपॉझिटसाठी चाललेली पळापळ मी बघितलीये, बायपास करायची म्हटल्यावर फ्लॅटची एक खोली मोडून पैसे आणता येत नाहीत. पोस्टातली रक्कम वर्ष झाल्यावर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापून का होईना, मिळते तरी.

आणि आपल्याकडे पुराचं विसरून चालणार नाही. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट. 2021 ला परत पाणी शिरलं. त्यामुळे उन्हाळ्यात फ्लॅट बघून टोकन देऊ नका, भर पावसात त्या गल्लीत जाऊन या, तिथल्या दुकानदाराला विचारा की 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो भिंतीवरची खूण दाखवतो.

ज्यांचं राहतं घर स्वतःचं आहे, दोन-तीन वर्षांचा खर्च आणि आजारपणाचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यांनी अर्ध्या पैशात एखादा तयार वन बीएचके जरूर घ्यावा. मिरजेत हॉस्पिटलांच्या आसपास नर्सिंगच्या मुली, इंटर्न डॉक्टर यांना कायम खोल्या लागतात, सांगलीत विश्रामबागला वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजमुळे विद्यार्थी असतात. पण ओळखीचा आहे म्हणून तोंडी बोलण्यावर चावी देऊ नका. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने द्यायचा करार रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, नाही केला तर 5 हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. रिटायर झालेल्या एकट्या बाईने कोर्टात किती खेपा घालायच्या?

आपल्या पेपरात फ्लॅटच्या पानभर जाहिराती येतात, त्या येऊ देत. पण महिन्यातून एकदा रिटायर होणाऱ्यांसाठी पोस्ट, पीएफ आणि भाडेकराराची माहिती देणारं एखादं सदर चालू करावं ही विनंती. आणि इथले साखर कारखाने, हॉस्पिटलं, एमआयडीसीतल्या कंपन्या यांनी निरोप समारंभाला शाल-नारळ देण्याच्या सहा महिने आधी त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला (किंवा तिच्या नवऱ्याला) एकत्र बसवून हा हिशोब समजावून सांगावा, कारण बऱ्याच घरात पीएफ किती आला हे बायकोला फ्लॅटचं टोकन दिल्यावरच कळतं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज