दाढ काढली, घसा धरला : दंतचिकित्सालय कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
रुग्ण तक्रार विभाग

विषय : अक्कलदाढ काढल्यानंतर गाल व मानेला आलेली सूज, गिळताना झालेला त्रास आणि हेल्पलाइनने दिलेला चुकीचा सल्ला

महोदय,

आपल्या शाखेत माझी खालची उजवी अक्कलदाढ काढण्यात आली. दाढ आडवी आणि हिरडीत निम्मी गाडलेली होती. डॉक्टरांनी हिरडीला चीर दिली, ड्रिलने थोडे हाड घासले, दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढले आणि टाके घातले. त्या वेळी मला दुखले नाही. डॉक्टर सौम्यपणे बोलत होते, हात हलका होता. हे मुद्दाम लिहिते, कारण माझा रोख पुढच्या गोष्टींवर आहे.

टाके पडत असतानाच उजवा गाल फुगल्यासारखा वाटला. मी हाताने खूण करून सांगितले. ‘भुलीमुळे तसं वाटतं,’ असे उत्तर आले. भूल दिल्यावर गाल जड वाटतो हे मान्य. पण माझा गाल आरशातही फुगलेला दिसत होता. सहायक ताईंनी तो पाहिला, बर्फाची पिशवी हातात दिली आणि मला बिलाच्या काउंटरवर पाठवले.

भूल उतरल्यावर दाढेच्या जागेपेक्षा घसाच जास्त दुखू लागला. थुंकी गिळताना मानेच्या कडेने कळ जायची ती थेट कानापर्यंत. तोंड जेमतेम बोटभर उघडत होते. आवाज नाकात बोलल्यासारखा येऊ लागला. आणि सर्वांत विचित्र म्हणजे, जबड्याखाली बोट टेकवले की कातडीखाली कोरड्या वाळूवर दाबल्यासारखी कुरकुर लागायची. ही कुरकुर मी हेल्पलाइनवर जशीच्या तशी सांगितली. पलीकडच्या व्यक्तीने ती नोंदवून घेतली की नाही, मला माहीत नाही. बिल क्रमांक मात्र दोनदा विचारला.

मला सल्ला मिळाला तो असा : ‘इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असेल, अ‍ॅलर्जीची गोळी घ्या. गरम पाण्याने जोरजोरात गुळण्या करा, शेक द्या. घसा दुखणं नॉर्मल आहे.’ तुमच्याच छापील सूचनापत्रात लिहिले आहे की पहिले 24 तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, गालाला बाहेरून बर्फ लावावा; कारण खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघाली तर जखम उघडी पडते आणि नंतर ठणका लागतो. म्हणजे कंपनीचा कागद एक सांगतो आणि कंपनीचा फोन त्याच्या नेमके उलट. डॉक्टरांशी बोलू द्या म्हटल्यावर ‘डॉक्टर उद्या येतील’ असे कळले.

मी उद्याची वाट पाहिली नाही. रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मानेवरून बोटे फिरवली आणि पहिलाच प्रश्न केला, ‘दाढ काढताना हवेवर चालणारं ड्रिल वापरलं होतं का?’ सीटी स्कॅनमध्ये गालापासून मानेपर्यंत आणि घशाच्या मागच्या भागात हवा पसरलेली दिसली. छातीपर्यंत ती उतरली नव्हती. मला देखरेखीखाली ठेवले, हवेबरोबर तोंडातले जंतू आत गेलेले असू शकतात म्हणून अँटिबायोटिक सुरू केले आणि सक्त ताकीद दिली : नाक शिंकरायचे नाही, फुंकायचे नाही, जोराने चूळ तर अजिबात नाही, कारण त्या दाबाने आणखी हवा आत ढकलली जाते. हेल्पलाइनचे ऐकून मी रात्रभर गुळण्या करत बसले असते तर काय झाले असते, याचा विचार आता तुम्ही करावा.

तज्ज्ञांनी कारणही समजावले. दातात सिमेंट भरताना वापरतात ते नेहमीचे हवेचे ड्रिल टोकाकडे हवा आणि पाणी सोडते. हिरडी कापून उचललेली असताना तेच वापरले तर हवा उघड्या फटीतून कातडीखालच्या पदरांत शिरते आणि वाट मिळेल तशी मानेत उतरते. म्हणून शस्त्रक्रिया करून दाढ काढताना विजेवर चालणारे किंवा हवा मागे सोडणारे यंत्र वापरतात. ही गुंतागुंत विरळ आहे आणि बहुधा काही दिवसांत हवा आपोआप शोषली जाते, हेही त्यांनी सांगितले. विरळ असल्यामुळेच ती अ‍ॅलर्जी समजली जाते. पण अ‍ॅलर्जीच्या सुजेत कुरकुर लागत नाही. बोटाने दाबून पाहायला यंत्र लागत नाही, माणूस लागतो.

दाढेच्या उपचारानंतर घसा दुखतो म्हणणाऱ्याला ‘नॉर्मल’ म्हणून फोन ठेवणे इतरांच्या बाबतीतही धोक्याचे आहे. खालच्या मागच्या दाढांच्या मुळांची टोके अशा जागी असतात की तिथला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली सहज पसरतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा संसर्ग हाच. त्यात सूज वाढून श्वासाची वाट बंद होऊ शकते. थुंकी गिळता येते का, श्वास लागतो का, तोंड किती उघडते, आवाज बदलला का, ताप आहे का, एवढे विचारायला किती वेळ लागतो? मला यातले काहीच विचारले नाही.

मी घरी परतल्यावर तुमचा संदेश आला : ‘आपला अनुभव कसा होता? पाच तारे द्या.’ त्याला उत्तर म्हणून मी घडलेले सगळे लिहिले. त्यावर ‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते’ असे एका ओळीचे उत्तर आले. संमतीपत्रावर माझी सही आहे, हे मीही जाणते. त्यात रक्तस्राव, सूज, ओठ बधिर राहणे हे सगळे छापलेले आहे. हवा शिरण्याचा उल्लेख कुठेही नाही. आणि सही उपचाराला दिली होती, हेल्पलाइनच्या सल्ल्याला नाही.

माझे म्हणणे असे. त्या दिवशी कोणते ड्रिल वापरले आणि गाल फुगल्याचे नोंदवले का, याचा लेखी खुलासा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीने मिळावा. माझा एक्स-रे, केसपेपर आणि हेल्पलाइनवरील संभाषणाची प्रत द्यावी. एक्स-रे मी शाखेत मागितला तेव्हा ‘सिस्टिम बंद आहे’ असे सांगितले गेले. दाढ काढण्याचे शुल्क आणि रुग्णालयाचा खर्च कंपनीने भरावा; पावत्या सोबत जोडल्या आहेत. आणि रात्रीच्या फोनवर दातांचे डॉक्टर उपलब्ध होईपर्यंत, तिथे बसणाऱ्यांनी औषधे सुचवणे थांबवावे आणि गिळण्याची किंवा श्वासाची तक्रार असणाऱ्याला सरळ रुग्णालयात जायला सांगावे.

टाके मी दुसरीकडे काढून घेणार आहे, त्यासाठी तुमच्या शाखेतून येणारे फोन बंद करावेत. खुलासा आणि कागदपत्रे ई-मेलवर पाठवावीत, फोनवर नको. अजून फार वेळ बोलले की घसा दुखतो.

आपली,
एक रुग्ण

सोबत : रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा अहवाल, पावत्या, आपले छापील सूचनापत्र