सर्व्हे नंबर १२/३ म्हणजे १२ मार्च नव्हे

महोदय,

जमिनीची यादी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीतून) एक्सेलमध्ये उघडली की सर्व्हे आणि हिस्सा नंबराच्या रकान्यात (१२/३ म्हणजे सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३) हमखास तारखा उगवतात. १२/३ चा १२ मार्च होतो. १२/४५ ला तर चक्क ४५ सालचा डिसेंबर मिळतो, कारण ४५ वा महिना नसल्याने एक्सेल ते वर्ष धरतं. ११२/३ मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून वरच्या दहा ओळी पाहून यादी ठीक आहे असं वाटतं. ६-१० असे वयोगटही यात सापडतात.

नंतर रकाना 'टेक्स्ट' करून काही साधत नाही. २०२४ मध्ये उघडलेल्या फाइलीत १२/३ च्या जागी ४५३६३ येतं. तो त्या तारखेचा १९०० पासून दिवस मोजून येणारा क्रमांक. फाइल तशीच सेव्ह केली तर मूळ नोंद गेलीच.

तेव्हा सीएसव्हीवर डबलक्लिक करूच नये. कोरं एक्सेल उघडून 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यावं, 'डेटा टाइप डिटेक्शन'ला 'डू नॉट डिटेक्ट' निवडावं आणि मगच 'लोड' करावं. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे-तारखा करण्याच्या पर्यायावरची खूण काढावी. लिबरऑफिसमध्ये आयातीच्या खिडकीतच तो रकाना निवडून प्रकार 'टेक्स्ट' करता येतो. कॉपी-पेस्ट करायचं असेल तर आधी रकाना 'टेक्स्ट' करावा, मग 'पेस्ट स्पेशल'मधून नुसता मजकूर चिकटवावा. हा क्रम उलटा झाला की संपलं.

२०२३ मध्ये एक्सेलमध्ये आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय आली, पण तारखांपुरती ती अक्षरं आणि अंक जोडून लिहिलेल्या नोंदींसाठी आहे. १२/३ ला तिचा उपयोग नाही. सीएसव्हीत नोंदीभोवती अवतरणचिन्हं घालूनही एक्सेल ऐकत नाही.

चूक शोधायला सोपी खूण आहे: मुद्दाम मांडणी बदललेली नसेल तर मजकूर डावीकडे चिकटतो, तारीख उजवीकडे.

याद्या तयार करणाऱ्यांनी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर दोन वेगळ्या रकान्यांत द्यावेत, आणि वयोगट '६ ते १०' असा लिहावा. 'ते'ची तारीख अजून कुठल्याही सॉफ्टवेअरला करता आलेली नाही.

– एक वाचक