रुमालाखालचा सौदा दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

एम.ए.च्या अर्थशास्त्राचा माझा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्यातले दुसरे प्रकरण बाजार समितीत नोकरी केलेल्या तुमच्याशिवाय लिहिले गेले नसते, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

बाजारव्यवस्थेत सरकारची भूमिका काय, हा विषय मी घेतला, तेव्हा माझी पहिली टिपणे अगदी कोरडी होती. रस्त्यावरच्या दिव्यांसारख्या सर्वांना मिळणाऱ्या सार्वजनिक वस्तूंवरचा अर्थशास्त्रज्ञ सॅम्युएलसन यांचा 1954 चा लेख, पिगू यांनी 1920 मध्ये मांडलेला बाह्य परिणामांवरील, म्हणजे सौद्याबाहेरच्या लोकांना बसणाऱ्या झळीवरील, कराचा विचार आणि 1960 मध्ये कोस यांनी त्यावर घेतलेला आक्षेप, हे सारे मला पाठ होते. पण बाजार म्हणजे आपोआप चालणारे काहीतरी आणि सरकार म्हणजे बाहेरून येऊन त्यात हात घालणारे कोणीतरी, अशीच माझी समजूत होती. एका संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर तुम्ही ती टिपणे शांतपणे वाचलीत आणि एवढेच म्हणालात, "उद्या पहाटे चार वाजता माझ्याबरोबर मार्केट यार्डात चल."

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातल्या त्या पहाटे तुम्ही आधी मला लिलाव दाखवला नाहीत. गाळ्याच्या पायरीवर बसवून खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकलात, त्याखाली माझी बोटे धरलीत आणि एकेक दाबत भाव सांगितलात. मला कळला, पण शेजारी उभ्या असलेल्या हमालाला काहीच कळले नाही. तुमच्या वडिलांनी भुसार बाजारात हमाली करताना पाहिलेली ही हत्ता पद्धत. माल शेतकऱ्याचा, भाव ठरवणार अडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि खरेदीदार, तोही कापडाखाली. शेतकऱ्याच्या हाती पडेल ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आणि तिच्यातूनही नमुना, धर्मादाय अशा नावांनी कापून घेतलेले पैसे. त्यानंतर तुम्ही मला पुकार करून चाललेला कांद्याचा उघड लिलाव दाखवलात आणि तोलकाट्यावरचे वजनमापे विभागाचे सील बोटाने दाखवून विचारलेत, "आता सांग, हे सील नसते तर बाजार मोकळा झाला असता, की बंद पडला असता?"

त्या प्रश्नाने माझा प्रबंध बदलला. घरी येऊन मी इतिहास वाचला. वऱ्हाडातल्या कारंजा येथे 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला, आणि राज्यनिर्मितीनंतर 1963 चा कृषी उत्पन्न पणन कायदा झाला. उघड बोली, खरे वजन आणि लेखी हिशेबपट्टी या गोष्टी बाजारात आपसूक उगवत नाहीत. कोणीतरी त्या घालून द्याव्या लागतात आणि पाळल्या जातात की नाही हे रोज पाहावे लागते. अॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन सांगितले, की मालाची प्रत विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर चांगला माल बाजारातून हटत जातो. तुम्ही कांद्याची गोणी फरशीवर उलटी करायला लावलीत. वर मोठे कांदे होते आणि तळाशी गोल्टी, म्हणजे बारीक कांदे. तो लेख मला त्या फरशीवर समजला.

तरीही तुम्ही मला एकांगी होऊ दिले नाहीत, याचे मला विशेष वाटते. तीस वर्षे बाजार समितीच्या नोकरीत काढलेल्या माणसाने त्या व्यवस्थेची बाजू घेतली असती, तर कोणी नवल केले नसते. पण शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी आलेले परवाने पुढे ठरावीक व्यापाऱ्यांभोवतीचे कुंपण कसे होतात, नवा खरेदीदार आत येईनासा झाला की उघड लिलावातही भाव कसा दबून राहतो, हे तुम्हीच मला समजावलेत. 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे तो बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली, आणि त्यांची अडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, त्यामागची तक्रार खरी होती, असे तुम्ही स्पष्टपणे म्हणालात. त्याच दमात 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला काय आधार दिला, हेही तुम्ही सांगितलेत. सरकार हवे की नको, हा प्रश्नच मग मी प्रबंधातून काढून टाकला. कोणत्या सौद्यात कोणाला काय दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून घातलेला नियम पुढे कोणाच्या हाती गेला, एवढेच मी शोधत राहिले.

पाहुण्यांची वर्दळ असतानाही तुम्ही माझी तीन कच्ची प्रकरणे वाचलीत, "तोलाई" (वजन करण्याची मजुरी) आणि "हमाली" (माल उचलण्याची मजुरी) यांत मी केलेला घोळ पेन्सिलीने दुरुस्त केलात. काकूंनी त्या सगळ्या पहाटे थर्मासमधून चहा दिला. त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

प्रबंधाची बांधीव प्रत रविवारी घेऊन येते. नियमनमुक्तीनंतर आवाराबाहेर होणाऱ्या सौद्यांत वजन कोण तपासते, हा प्रश्न मला अजून नीट सुटलेला नाही. त्यावर तुमच्याशी बोलायचे आहे.

तुमची नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी
बिबवेवाडी, पुणे